त्या बछड्यांची आई कुठे आहे?

पत्र:

डॉक्टरमावशी, मी खानापूर तालुक्यातली, वय २२. बेळगावात मावशीकडं राहून झूलॉजी घेऊन बीएस्सी केलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला होता तेव्हा मी त्याच भागात होते. शाळा बंद, त्याला शोधायला सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणलेले, आणि मी गच्चीवरून तासन्‌तास त्या झाडीकडं बघत बसायचे. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. आता दक्षिण आफ्रिकेत, सोडवून आणलेल्या सिंहांच्या एका सँक्च्युअरीत चार आठवडे व्हॉलंटियर म्हणून जायचं ठरवलंय. अनाथ बछड्यांना बाटलीनं दूध पाजायचं, त्यांच्याशी खेळायचं, थोड्या मोठ्या सिंहांना फिरायला न्यायचं असं काम आहे. मोठे झाल्यावर त्यांना जंगलात सोडतात म्हणे. फी दोन लाख चाळीस हजार, विमानाचं वेगळं. पंचवीस हजार आगाऊ भरलेत. आई पिग्मी मोडायला तयार आहे, पण तिची झोप उडाली आहे. बाबांची वीटभट्टी आहे, घरी दोन म्हशी आहेत. बाबा म्हणतात, एवढ्यात एमएस्सी होईल. जाऊ का? आणि माझी शाळा मराठी, इंग्रजी बोलताना अडखळते, तिथं निभेल का?

उत्तर:

बाळ,

वाघ-सिंहांसाठी परदेशात जाऊन राबायची इच्छा तू सोडू नकोस. पण तू निवडलेल्या जागी जाऊ नकोस, आणि उरलेले पैसे भरू नकोस.

तू त्यांचं माहितीपत्रक सोबत पाठवलंस ते फार बरं केलंस. त्यात सहा बछड्यांचे फोटो आहेत, सगळी तीन-चार आठवड्यांची. खाली लिहिलंय, वर्षात कधीही या, दूध पिणारी बछडी असतातच. माझी तेहतीस वर्षं पशुसंगोपन खात्यात गेली. रायबाग, हुक्केरी, चिकोडी आणि शेवटी तुझा खानापूर तालुका. ते वाक्य वाचून माझ्या मनात एकच प्रश्न आला. यांच्या आया कुठे आहेत? संक्रांतीला जा, पावसाळ्यात जा, दिवाळीत जा, तीन आठवड्यांची अनाथ पिल्लं प्रत्येक वेळी हजर कशी?

तुझ्या घरी म्हशी आहेत, त्यामुळे तुला हे लगेच कळेल. सिंहीण साधारण ११० दिवस गाभण असते. पिल्लं सहा-सात महिने अंगावर पितात आणि शिकार शिकत जवळजवळ दोन वर्षं आईसोबत राहतात. पिल्लं जवळ असताना ती सहसा माजावर येत नाही, म्हणून रानात तिला दोन वर्षांतून एकदा वेत होतं. पण पिल्लं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत काढून घेतली, तर ती काही आठवड्यांत पुन्हा माजावर येते, पुन्हा गाभण राहते, पुन्हा विते आणि पुन्हा तिची पिल्लं काढली जातात. वर्षभर बाटलीवरची बछडी दाखवायची असतील तर हाच मार्ग आहे. रेडकू मेलं तर म्हैस कशी ओरडते, पान्हा चोरते, दावणीला कशी येरझाऱ्या घालते, ते तू पाहिलं असशील. सिंहिणीचं वेगळं नसतं.

पिल्लाला आईचा चीक मिळाला तर मिळाला. पुढं परक्या दुधावर वाढ, रोज नवे हात आणि झोपेतून उठवून फोटो. या वयाचं पिल्लू दिवसातला बहुतेक वेळ झोपूनच काढतं. तीनेक महिन्यांनी नखं-दात बोचू लागले की ते मांडीवर घेण्याच्या कामाचं राहत नाही. मग ‘सिंहासोबत फेरफटका’. दीड-दोन वर्षांचा झाला की तेही धोक्याचं होतं. आणि मग?

त्या ‘मग’चं उत्तर दक्षिण आफ्रिकेत अनेक ठिकाणी फार वाईट निघालं आहे. तिथं पैदास करून वाढवलेले सुमारे ८,००० सिंह ३०० हून अधिक ठिकाणी कुंपणात आहेत. त्या देशाच्या रानात मोकळे असलेल्या सिंहांच्या हे दुपटीहून जास्त. त्यातल्या कितीतरी नरांना मोठ्या कुंपणात सोडून पैसेवाल्या शिकाऱ्यांकडून गोळी घातली जाते. सिंह पळून जाऊ शकत नाही, आणि माणसाच्या हातचं दूध पिऊन वाढल्यामुळे माणसाला भीतही नाही. वाघाच्या हाडांऐवजी सिंहाची हाडं आग्नेय आशियात विकली जातात. २०१७ मध्ये तिथल्या सरकारनं वर्षाला ८०० सांगाडे बाहेर पाठवायची परवानगी दिली होती. पुढच्या वर्षी तो आकडा १,५०० वर नेल्याचं जाहीर झालं आणि २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयानं असे कोटे बेकायदा ठरवले. २०२१ च्या मे महिन्यात सरकारनंच जाहीर केलं की ही पैदास थांबवायची. पण एवढा पसरलेला धंदा एका घोषणेनं बंद होत नाही.

‘जंगलात सोडतात’ या वाक्यावर तर विश्वास ठेवूच नकोस. हातावर वाढलेल्या सिंहाला शिकार कोण शिकवणार? भूक लागली की तो माणसाकडेच येणार, कारण खाणं माणसाकडून मिळतं एवढंच त्याला ठाऊक. असा प्राणी रानात सोडणं म्हणजे जवळच्या वस्तीवर सोडणं.

मी हे वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. २०११ साली खात्यातल्या मैत्रिणींबरोबर मी थायलंडला गेले होते. तिथं एका ठिकाणी पैसे भरून वाघाचं पिल्लू मांडीवर घेतलं, बाटलीनं दूध पाजलं आणि तो फोटो फ्रेम करून बैठकीत लावला. त्या पिल्लाचं पोट फुगलेलं होतं, शेपटीखालचे केस चिकटलेले होते, म्हणजे हगवण लागलेली, आणि ते सारखं पेंगत होतं. एखाद्या वासरात हे दिसलं असतं तर मी मालकाला फैलावर घेतलं असतं. तिथं मी काहीच विचारलं नाही. २०१६ मध्ये तिथल्याच कांचनाबुरीच्या, वाघ पाळणाऱ्या एका बौद्ध मंदिरावर धाड पडली. तिथून १३७ वाघ बाहेर काढले आणि फ्रीझरमध्ये वाघाची ४० मेलेली पिल्लं सापडली. मी गेले होते ती जागा दुसरी. पण बातमी वाचून झाल्यावर मी भिंतीवरचा फोटो उतरवला. माझ्या पिल्लाची आई कुठे होती, हे विचारायला मला पाच वर्षं लागली होती. अशा जागा दुष्ट माणसांच्या पैशांवर चालत नाहीत गं. त्या तुझ्या-माझ्यासारख्या, पिल्लू बघून जीव विरघळणाऱ्या माणसांच्या पैशांवर चालतात. म्हणून तुझ्यावर रागावण्यासारखं काहीच नाही.

आणखी एक सांगते, कारण ते आपल्याच मातीतलं आहे. हुक्केरी तालुक्यात असताना ऊसतोडीच्या दिवसांत एका फडात बिबट्याची दोन पिल्लं सापडली. डोळे नुकते उघडलेले. टोळीतल्या बायकांनी पाचटातून उचलून टोपलीत घातली, मायेनंच. गावात नेली, म्हशीचं दूध पाजलं, बघायला अर्धा तालुका लोटला. मला दुसऱ्या दिवशी निरोप आला. त्यातलं एक हगवणीनं तिसऱ्या दिवशी माझ्या हातात गेलं. दुसरं पिंजऱ्यातून दूर पाठवलं गेलं आणि जन्मभर पिंजऱ्यातच राहिलं. त्या तीन रात्री बिबटीण तोडलेल्या फडाभोवती फिरत होती. सकाळी ओल्या सरीत तिच्या पावलांच्या फेऱ्याच फेऱ्या दिसायच्या. ती जवळच होती. पिल्लं त्याच जागी संध्याकाळी ठेवून माणसं लांब गेली असती तर ती घेऊन गेली असती. हे तेव्हा मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि माझं मलाही सुचलं नाही.

जुन्नरकडं आता हे रीतसर होतं. तिथल्या बिबट्यांच्या कैक पिढ्या उसातच जन्मल्या आहेत. तोडणीत पिल्लं सापडली की वन खातं आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, अंधार पडायच्या वेळी पेटीत घालून त्याच जागी ठेवतात आणि लांब कॅमेरा लावून थांबतात. आई येते, तोंडात धरून एकेक पिल्लू नेते. असं कितीतरी वेळा झालं आहे. ज्यांना परत सोडता येत नाही असे जखमी, म्हातारे बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रात राहतात. मला तुला सगळ्यात आधी तिथं गेलेलं पाहायचं आहे. आपल्याकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना तोटा नाही, पुढं जुन्नर जवळ, आणि भाषा आपली. कोणत्या महिन्यात स्वयंसेवक घेतात आणि काय काम देतात, ते त्यांनाच लिहून विचार.

त्याच्याही आधी एक काम घरबसल्या होण्यासारखं आहे. भुतरामहट्टीच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात सिंह आहेत, ते बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याहून आलेले. एखाद्या कामाच्या दिवशी, गर्दी नसताना जा आणि प्राणिपालांशी कन्नडमधून बोल. पिंजरा साफ करताना जनावर कुठे अडवतात, एक दार उघडण्याआधी दुसरं कोण तपासतं, उपवासाचा दिवस कोणता, जनावर आजारी आहे हे पहिल्यांदा कशावरून कळतं, हे विचार. बन्नेरघट्ट्यालाही जाऊन ये. १९९८ मध्ये सरकारनं सर्कशीत वाघ-बिबट्यांचे खेळ बंद केले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय उचलून धरला आणि सर्कशीतल्या प्राण्यांसाठी देशात जी बचाव केंद्रं उभी राहिली त्यातलं एक तिथं आहे. तू सीमाभागातली पोर, मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलतेस. जुन्नर आणि बन्नेरघट्टा दोन्हीकडं दुभाष्याशिवाय शिकू शकशील, हे किती जणांना जमतं?

आता परदेश. तिथं खऱ्या जागा आहेत आणि फार चांगल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतच, फ्री स्टेट प्रांतात बेथलेहेम गावाजवळ, फोर पॉज ही संस्था लायन्सरॉक नावाची जागा चालवते. सर्कशीतून आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या प्राणिसंग्रहालयांतून आणलेले सिंह तिथं मरेपर्यंत राहतात. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या कीन्सबर्गची सँक्च्युअरी चालवणारी संस्था १९८० पासून आहे. बोलिव्हियानं सर्कशीत प्राणी वापरायला बंदी घातल्यावर तिथले २५ सिंह २०११ मध्ये विमानानं आणले, ते याच जागी. तिथं येणारे लोक उंच पुलावरून चालत बघतात, खाली प्राण्यांना त्यांच्या पायरवाचाही त्रास नको म्हणून. शिवाय अमेरिकेत डिसेंबर २०२२ पासून कायदाच झाला आहे की वाघ-सिंहांच्या बछड्यांना लोकांनी हात लावायचा नाही. ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीज ही संस्था जगभरच्या अशा जागा तपासून मान्यता देते. पैदास नको, खरेदी-विक्री नको, लोकांचा हात जनावराला लागायला नको, हे तिचे मूळ नियम. मान्यताप्राप्त जागांची यादी त्यांच्याकडे मिळते. शोध तिथून सुरू कर. या सगळ्याच जागा परदेशी स्वयंसेवक घेत नाहीत. काहींना जवळपास राहणारी, वर्षभर येणारी माणसं हवी असतात. नकार येतील, आले तर खचू नकोस.

आणि पांढऱ्या वाघांची पिल्लं होतात म्हणून कुणी जाहिरात करत असेल तर तिथून परत फीर. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. १९५१ मध्ये रेवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या एका नराच्या वंशात आपापसांत जोड्या लावून ती ओळ वाढवली. तिरळे डोळे आणि वाकडे पाय त्यातूनच आले.

खऱ्या जागी काम काय असेल ते ऐक, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. सकाळी मांस कापायचं. पूर्ण वाढलेल्या वाघाला दिवसाला ५ ते ७ किलो लागतं, वर कॅल्शियम आणि प्रत्येकाची वेगळी औषधं. बादल्या घासायच्या, विष्ठा गोळा करायची आणि गोळा करताना नीट बघायचीसुद्धा, कारण आजार आधी तिथंच दिसतो. पाण्याची टाकी खरवडायची, कुंपणालगतचं गवत कापायचं. दुपारी जनावरांचं मन रमवायच्या वस्तू करायच्या. खोक्यात पेंढा आणि मसाल्याचा वास, उन्हाळ्यात गोठवलेल्या रक्ताचा गोळा, खरवडायला ओंडके. बरेचसे प्राणी म्हातारे असतात. सांधे धरलेले, मूत्रपिंडं थकलेली, कुणाची नखं मुळापासून काढलेली. लहानपणी हाडांशिवाय नुसतं मांस खाऊन ज्यांचे पाय वाकले, त्यांचे वाकलेलेच राहतात. तू एकाही प्राण्याला हात लावणार नाहीस. पण रोज तीच बादली घेऊन तीच मुलगी येते हे वाघाला कळायला लागलं, की एखाद्या सकाळी तो जाळीजवळ येऊन नाकातून मऊ फुरफुर करतो. वाघाची ती ओळख दाखवायची पद्धत आहे. मांडीवरच्या फोटोपेक्षा मला ती हवी होती, असं आता वाटतं.

फी घेतात म्हणून जागा खोटी असं समजू नकोस. राहणं-जेवण, विमा आणि प्राण्यांचा खर्च यासाठी चांगल्या जागाही पैसे घेतात. पैसा कुठे जातो ते विचारलं की त्या सांगतात, एवढाच फरक. पासपोर्टचं काम बेळगावातल्या पोस्टाच्या केंद्रात होईल. व्हिसाच्या अर्जात स्वयंसेवेसाठी जाते असं खरं लिही. ‘टुरिस्टवर जा, विचारलं तर फिरायला आले म्हण’ असं सांगणाऱ्या एजंटला नमस्कार करून बाहेर पड. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसच स्वयंसेवा चालते. रेबीजची प्रतिबंधक लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याच्या बरेच आठवडे आधी घे. जुन्नरला जायचं असलं तरी घे.

इंग्रजीचं म्हणशील तर, ‘दार लावलं’, ‘कुलूप तपासलं’, ‘तीन नंबरच्या वाघानं खाल्लं नाही’ एवढं स्पष्ट आणि वेळेवर सांगता आलं पाहिजे. ते तुला येईल. कळलं नाही तर पुन्हा विचारायची लाज मात्र तिथं चालणार नाही, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

तुझ्या आईची भीती योग्य आहे हे तिला माझ्या नावानं सांग. तू निवडलेल्या जागी तिची मुलगी मोकळ्या सिंहाशेजारी चालणार होती. हातावर वाढलेल्या सिंहांनी माणसं मारल्याच्या घटना दक्षिण आफ्रिकेत घडल्या आहेत, त्यात जिवापाड माया करणारी तरुण मुलंही होती. खऱ्या सँक्च्युअरीत तू आणि वाघ यांच्यामध्ये नेहमी जाळी असते आणि प्रत्येक दाराला जोड दार असतं. हे कळलं की तिची झोप बरीचशी परत येईल. आणि बाबांचंही ऐक. एमएस्सी आणि हे काम एकमेकांच्या आड येत नाहीत. आधी माणिकडोह, मग एमएस्सीला प्रवेश, त्यातल्या एखाद्या सुट्टीत परदेश, असा क्रम मला दिसतो. आईची पिग्मी आत्ता मोडू नका.

आगाऊ भरलेले पंचवीस हजार परत मागायचा ईमेल आजच कर. मिळतील असं धरून चालू नकोस. ते बुडाले म्हणून बाकीचे घालणं मात्र चूक होईल, तो हिशेब बाबांना माझ्याआधी पटेल. त्याच ईमेलमध्ये त्यांना विचार, या सहा बछड्यांच्या आया कुठे आहेत आणि बछडी त्यांच्यापासून का काढली. तुमच्याकडं पैदास होते का. गेल्या पाच वर्षांत इथं वाढलेले सिंह आज कुठे आहेत, प्रत्येकाचं नाव आणि ठिकाण द्या. तुमची जागा बाहेरच्या कुठल्या संस्थेनं तपासली आहे. उत्तर आलं की आई-बाबांसमोर बसून मराठीत करून वाच. वाचताना आयांच्या प्रश्नाचं उत्तर आधी शोध.

तुझी,
डॉक्टरमावशी